‘साइट उघडत नाहीये’ एवढ्यावर भागत नाही

एखादी वेबसाइट अचानक उघडेनाशी झाली की तासाभरात शेकडो स्क्रीनशॉट फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी इंटरनेट पुरवणारी कंपनी ‘तांत्रिक बिघाड होता’ म्हणते, सरकार ‘असा कुठलाही आदेश दिलेला नाही’ म्हणतं, आणि त्या शेकडो स्क्रीनशॉटपैकी एकालाही ते खोडून काढता येत नाही. पान दिसलं नाही, एवढंच त्यातून कळतं. ते कुठल्या टप्प्यावर अडलं, कुणाच्या नेटवर्कवर अडलं, नेमके किती वाजले होते आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या नेटवर्कवर काय होत होतं, यातलं काहीच त्यात नसतं.

इंटरनेट खुलं राहावं म्हणून एकत्र आलेल्या गटाने सगळ्यात आधी नोंद ठेवायला शिकावं, असं आमचं ठाम मत आहे. याचिका, निदर्शनं, पत्रकार परिषदा हे सगळं हवंच. पण हातात महिनाभराची नीट ठेवलेली नोंद असेल तर त्या प्रत्येकाला धार येते. यासाठी पाच-सहा माणसं पुरतात. खर्च जवळजवळ नाही. मात्र सगळ्यांची कनेक्शन एकाच कंपनीची असतील तर उपयोग नाही. किमान तीन वेगळ्या कंपन्या हव्यात, आणि त्यात मोबाइल डेटा व घरचं ब्रॉडबँड दोन्ही हवं. एकाच कंपनीच्या मोबाइल आणि फायबरवर वेगवेगळं फिल्टर असणं अगदी नेहमीचं आहे.

अडवतात ते नेमकं कुठे

पत्ता टाइप केल्यापासून पान दिसेपर्यंत चार टप्पे असतात आणि चारही ठिकाणी दार लावता येतं.

पहिला टप्पा डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता) शोधण्याचा. हा सगळ्यात स्वस्त अडथळा. कंपनीचा डीएनएस सर्व्हर ‘असं नावच अस्तित्वात नाही’ म्हणतो, किंवा १२७.०.०.१ सारखा निरर्थक पत्ता देतो, किंवा ‘ही साइट बंद आहे’ अशा सूचनेच्या पानाचा पत्ता देतो. तपासायला सोपं: तोच प्रश्न कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा आणि बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक सर्व्हरलाही विचारायचा. पण इथे एक खोच आहे. काही नेटवर्क पोर्ट ५३ वरून, म्हणजे डीएनएससाठी ठरलेल्या दारातून, जाणारा प्रत्येक डीएनएस प्रश्न वाटेतच पकडतात आणि तुम्ही कुणालाही विचारलंत तरी स्वतःच उत्तर देतात. त्यामुळे दोन्ही उत्तरं सारखीच खोटी आली, तर ‘अडथळा नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो. म्हणून तिसरं उत्तर एनक्रिप्ट केलेल्या (वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा) डीएनएसवरून, म्हणजे डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसवरून घ्यावं. आणखी एक सुंदर चाचणी आहे. ज्या आयपी पत्त्यावर डीएनएस सर्व्हरच नाही अशा, शक्यतो देशाबाहेरच्या, पत्त्याला प्रश्न विचारायचा. तिथून उत्तर यायलाच नको. तरीही आलं, तर ते वाटेतल्या कुणीतरी घुसवलेलं आहे हे सिद्ध झालं. चीनच्या फायरवॉलचं हे वागणं संशोधकांनी असंच पकडलं आहे.

दुसरा टप्पा टीसीपी जोडणीचा, म्हणजे सापडलेल्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी संपर्क जोडण्याचा. इथे आयपी पत्ताच बंद केलेला असतो आणि तुमची जोडणी वाट बघून बघून सोडून देते. याचं नुकसान फार लांबवर पसरतं, कारण एका आयपी पत्त्याआड हजारो साइट असू शकतात. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्राम बंद करायला म्हणून ॲमेझॉन आणि गूगलचे दीड कोटीहून जास्त आयपी पत्ते अडवले. कितीतरी असंबद्ध सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र चालूच राहिलं. जून २०२० मध्ये ती बंदी उठवली गेली.

तिसरा टप्पा टीएलएसचा, म्हणजे जोडणी एनक्रिप्ट करण्याचा, आणि आजचा सगळ्यात महत्त्वाचा. एचटीटीपीएसमुळे पानाचा मजकूर झाकलेला असतो, पण जोडणीच्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव सहसा उघडं जातं. त्याला एसएनआय म्हणतात. वाटेतलं यंत्र ते नाव वाचतं आणि दोन्ही बाजूंना ‘जोडणी तोडा’ असं खोटं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) पाठवतं. ब्राउझरमध्ये ‘कनेक्शन रीसेट’ दिसतं. कुठलं पान बघताय हे मात्र त्या यंत्राला कळत नाही, फक्त साइट कळते. म्हणूनच २९ एप्रिल २०१७ ला तुर्कस्तानने आक्षेप काही मोजक्या लेखांवर असतानाही सगळ्या भाषांमधला सगळा विकिपीडिया बंद केला. २०१५ पासून विकिपीडिया पूर्णपणे एचटीटीपीएसवर असल्यामुळे एकेक लेख वेगळा अडवणं शक्यच नव्हतं. घटना न्यायालयाने २६ डिसेंबर २०१९ ला ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १५ जानेवारी २०२० ला साइट पुन्हा उघडली.

चौथा टप्पा साध्या, न झाकलेल्या एचटीटीपीचा. तिथे आपल्या पानाऐवजी दुसरंच पान हातात दिलं जातं. हे आता कमी दिसतं. पण चाचणीच्या यादीत साइटचा एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असा दोन्ही पत्ता ठेवण्याचं कारण हेच आहे: बंदीची सूचना असली तर ती बहुधा एचटीटीपीवर दिसते. एचटीटीपीएसवर त्याच साइटची नुसती जोडणी तुटते.

हे टप्पे पाठ असले की ‘साइट बंद आहे’ ऐवजी ‘अमुक नेटवर्कवर डीएनएस उत्तर बरोबर येतं, टीसीपी जोडणी होते, पहिल्या टीएलएस संदेशानंतर रीसेट येतो’ असं वाक्य लिहिता येतं. असं वाक्य ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून झटकून टाकणं अवघड जातं. सर्व्हर बिघडला तर तो सगळ्यांसाठी बिघडतो. फक्त दोन कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आणि फक्त नाव वाचल्यावर तो बिघडत नाही.

मोजायचं कसं

यासाठी ऊनी प्रोब हे मोफत, मुक्तस्रोत ॲप वापरावं. ऊनी हा प्रकल्प २०१२ मध्ये टॉर (ओळख लपवून आणि अडथळे चुकवून इंटरनेट वापरू देणारं जाळं) प्रकल्पातून निघाला. ॲप अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. वेबसाइटच्या चाचणीत ते वरचे टप्पे एकामागून एक करतं आणि तीच साइट दुसरीकडच्या, न अडवलेल्या सर्व्हरवरूनही उघडून बघतं. मग दोन्हींचे आयपी पत्ते, स्टेटस कोड, पानाचं शीर्षक आणि लांबी ताडून पाहतं. निकाल काही मिनिटांत ऊनी एक्सप्लोररवर सगळ्यांसाठी खुला होतो आणि प्रत्येक मोजणीला स्वतःची कायमची लिंक मिळते. गटाला खरी गरज या लिंकची असते, कारण ती नोंद तुमच्या शब्दावर उभी नसते. कुणीही कच्चा डेटा उतरवून पुन्हा तपासू शकतं.

ॲप पहिल्यांदा उघडून ‘रन’ दाबलं की ते साठवलेल्या यादीतल्या साइट तपासतं, पण ठरावीक वेळ संपली की थांबतं. त्यामुळे तुम्हाला हवी ती साइट त्या फेरीत आली नसण्याची शक्यता मोठी. दोन उपाय आहेत. सेटिंगमधली वेळेची मर्यादा काढून टाकायची, किंवा, जास्त चांगलं, ऊनी रनवर आपल्या ३० ते ५० पत्त्यांची यादी करून तिची लिंक गटाला द्यायची. सगळ्यांच्या फोनवर तीच यादी चालली तरच निकाल एकमेकांशी ताडता येतात.

यादी करताना मोह आवरावा लागतो. पन्नासच्या पुढे गेलं की लोक कंटाळतात आणि मोबाइल डेटाही जातो. निम्मी यादी अशा साइटची असावी ज्या बंद होण्याची खरी शक्यता आहे: बातम्या, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचे गट, निवडणूक निरीक्षक, व्हीपीएन आणि टॉर. पाच-सात साइट अशा ठेवाव्यात ज्या कधीच बंद होणार नाहीत. त्या तुमच्या तुलनेसाठी. त्याही अडल्या तर नेटवर्कच आजारी आहे, सेन्सॉरशिप नव्हे. जगभरचे संशोधक वापरतात ती मूळ यादी कॅनडातल्या सिटिझन लॅबकडे आहे: एक जागतिक, शिवाय बऱ्याच देशांसाठी स्वतंत्र. आपल्या देशाच्या यादीत मेलेली डोमेन आणि जुने पत्ते भरपूर सापडतील. ती दुरुस्त करून पाठवणं हे दोन संध्याकाळींचं काम आहे आणि त्याचा उपयोग तुमच्या गटापलीकडे, त्या देशात मोजणी करणाऱ्या प्रत्येकाला होतो.

मोजणीची वेळ ठरवून घ्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, प्रत्येक कनेक्शनवर एकदा. काहीच घडत नसतानाची ही कंटाळवाणी नोंदच पुढे सोन्यासारखी ठरते. निवडणुकीच्या आदल्या रात्री साइट अडली, तर ‘आधीचे सहा आठवडे याच नेटवर्कवर ती बारा वेळा व्यवस्थित उघडली होती’ हे दाखवता आलं पाहिजे. बंदी आल्यावर मोजायला सुरुवात करणाऱ्यांकडे तुलनेला काहीच नसतं. अँड्रॉइडवर स्वयंचलित मोजणी चालू करता येते आणि ती फक्त वायफायवर, फक्त चार्जिंगवर अशी मर्यादितही ठेवता येते. पण मग मोबाइल डेटावरची फेरी हातानेच करावी लागते, आणि तीच नेमकी विसरली जाते.

ॲपशिवाय एक छोटी वहीही ठेवा: तारीख, जागतिक प्रमाणवेळेत वेळ, कंपनी आणि तिचा एएस क्रमांक (तिच्या नेटवर्कची जागतिक ओळखसंख्या), मोबाइल की वायफाय, व्हीपीएन बंद होता का, फोनमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद होतं का. शेवटच्या दोन रकान्यांकडे दुर्लक्ष केलं की महिन्याची मेहनत पाण्यात जाते. व्हीपीएन चालू राहिला तर तुम्ही व्हीपीएनच्या देशाचं नेटवर्क मोजता. प्रायव्हेट डीएनएस चालू राहिलं तर कंपनीचा डीएनएस मोजलाच जात नाही आणि डीएनएसवरचा अडथळा असूनही सगळं हिरवं दिसतं. याच्या उलटही होतं: ॲप म्हणतं अडवलंय, पण ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडते. बहुतेक वेळा ब्राउझरने स्वतःचं एनक्रिप्टेड डीएनएस लावलेलं असतं.

नारंगी म्हणजे बंदी नव्हे

ऊनीच्या निकालात हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे खात्रीची बंदी, नारंगी म्हणजे ‘काहीतरी वेगळं घडलं’. लाल फक्त तेव्हाच येतं जेव्हा बंदीचं ओळखीचं पान किंवा ओळखीचा खोटा आयपी पत्ता सापडतो. एसएनआय वाचून जोडणी तोडली असेल तर ओळखण्यासारखं पान नसतंच, म्हणून खरी बंदीसुद्धा नारंगीच राहते. आणि खोटे इशारेही नारंगीच असतात. नारंगी निकाल बघून लगेच पत्रक काढणारे गट दोनदा तोंडघशी पडले की तिसऱ्यांदा पत्रकार फोन उचलत नाहीत.

खोटे इशारे कशामुळे येतात? मोठ्या साइट जगभर वेगवेगळ्या सर्व्हरवरून चालतात, त्यामुळे आयपी पत्ता तुलनेच्या सर्व्हरपेक्षा वेगळा येणं स्वाभाविक आहे. काही साइट यंत्रासारख्या दिसणाऱ्या भेटीला ‘तुम्ही माणूस आहात का’ असं पान देतात आणि ४०३ हा नकाराचा कोड पाठवतात. काही साइट स्वतःच काही देशांमधल्या वाचकांना नाकारतात. तीही खुल्या इंटरनेटला लागलेली कीड आहे, पण तिचा दोष स्थानिक कंपनीच्या माथी मारता येत नाही. हॉटेल-स्टेशनवरचं लॉगिन मागणारं वायफाय तर सगळंच बिघडवतं. तिथून मोजूच नये.

आमचा निकष असा: एकाच साइटवर, एकाच प्रकारचं अपयश, किमान तीन वेगळ्या उपकरणांवर, किमान दोन दिवस, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुठल्यातरी नेटवर्कवर तीच साइट नीट चाललेली. अपयशाचा प्रकार दर वेळी बदलत असेल, एकदा डीएनएस, एकदा टाइमआउट, एकदा काहीच नाही, तर बहुधा साधं खराब कनेक्शन आहे.

एसएनआयचा संशय असेल तर तो पक्का करायची पद्धत अशी: परदेशातल्या एखाद्या तटस्थ सर्व्हरशी जोडणी करायची, पण टीएलएसच्या पहिल्या संदेशात नाव मात्र संशयित साइटचं द्यायचं. कर्ल हे कमांडवरचं साधन यासाठी पुरतं. त्याच सर्व्हरवर तटस्थ नावाने जोडणी टिकली आणि संशयित नावाने तुटली, तर फिल्टर नावावर आहे हे दिसलं. संशयित साइटच्या सर्व्हरचा यात काही संबंधच उरला नाही. दोन प्रयत्नांमध्ये पाच मिनिटं थांबा. काही फायरवॉल एकदा नाव पकडलं की त्या दोन पत्त्यांमधली पुढची जोडणी थोडा वेळ सरसकट तोडतात, आणि घाई केली तर तटस्थ नावही अडलेलं दिसतं. वायरशार्क हे नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन वापरता येत असेल तर रीसेटच्या पाकिटातला टीटीएल आकडा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यागणिक एकने घटणारा) बघा. सर्व्हरच्या बाकीच्या पाकिटांपेक्षा तो वेगळा असेल, तर ते पाकीट बहुधा वाटेतल्या दुसऱ्याच यंत्राने पाठवलेलं आहे.

बंद नाही, पण सरकतही नाही

पूर्ण बंदीपेक्षा वेग कमी करणं जास्त कपटी असतं, कारण लोक आपल्याच कनेक्शनला दोष देतात. मार्च २०२१ मध्ये रशियाने ट्विटरचा वेग सेकंदाला साधारण १३० ते १५० किलोबिटवर आणून ठेवला. सुरुवातीला नियम इतका आंधळा होता की ट्विटरच्या आखूड लिंकचं ‘टी.सीओ’ हे डोमेन ज्या कुठल्या नावाच्या पोटात सापडेल ते सगळं मंदावलं. ‘मायक्रोसॉफ्ट.कॉम’च्या स्पेलिंगमध्ये ते आहे, ‘रेडिट.कॉम’च्याही.

वेगाची मोजणी एका आकड्यावर कधीच करू नये. १ मेगाबाइटची फाइल संशयित साइटवरून आणि तेवढीच फाइल तुलनेच्या साइटवरून, आलटूनपालटून दहा वेळा उतरवा. सेकंदाला १५० किलोबिटने तिला ५० सेकंदांच्या वर लागतात. १० मेगाबिटच्या लाइनवर एक सेकंदही लागत नाही. फरक इतका ढळढळीत असेल तर रात्री अकरा वाजता आणि पहाटे पाच वाजता पुन्हा करा. खरी गर्दी पहाटे ओसरते, लादलेली मर्यादा ओसरत नाही. आणखी एक खूण: गर्दीतला वेग वरखाली होतो, लादलेला वेग एका रेषेत चिकटून राहतो. व्हिडिओ सेवांसाठी वेही हे ॲप आहे. ते त्या सेवेची नोंदवलेली वाहतूक एकदा जशीच्या तशी आणि एकदा ओळख पुसून पाठवतं आणि दोन्हींचा वेग ताडतं. फ्रान्सच्या दूरसंचार नियामकाने नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या वाहतुकीला सारखी वागणूक) तपासासाठी तेच लोकांच्या हाती दिलं.

आणि सगळंच बंद झालं तर? मग ॲप निकाल पाठवू शकत नाही, पण फोनवर साठवून ठेवतं आणि नंतर पाठवता येतं. त्या काळात कागदच कामाचा: किती वाजता गेलं, फोन लागत होते का, एसएमएस जात होते का, घरचं ब्रॉडबँड चालू होतं का, पडद्यावर फोरजीची खूण होती का. बाहेरून बघणाऱ्यांना हे दिसत नाही. २०११ मध्ये २७ जानेवारीच्या रात्री इजिप्तने साधारण साडेतीन हजार मार्ग जगाच्या राउटिंग तक्त्यांतून (कुठला पत्ता कुठल्या वाटेने गाठायचा याच्या नोंदींतून) काढून घेतले तेव्हा ते सगळ्या जगाला काही मिनिटांत कळलं. पण आज बरेचदा फक्त मोबाइल डेटा, फक्त काही जिल्ह्यांत बंद होतो. मार्ग जागेवरच असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या आयोडासारख्या बाहेरून पाहणाऱ्या यंत्रणेत फारशी हालचाल दिसतेच असं नाही. तिथे चार गावांतल्या चार वह्याच पुरावा असतात.

गटातल्या प्रत्येकाला एक गोष्ट आधी स्पष्ट सांगा. चाचणी करताना तुमच्या कनेक्शनवरून त्या साइटकडे खरोखर विनंती जाते आणि ती कंपनीला दिसू शकते. ऊनी आयपी पत्ता साठवत नाही, पण देश आणि एएस क्रमांक प्रकाशित करतं. अशा भेटींवरून माणसाला त्रास होऊ शकतो अशा ठिकाणी यादीतून धोक्याच्या साइट काढा, किंवा त्या व्यक्तीला मोजणीत घेऊच नका. वहीत नावं नकोत. ‘क’, ‘ख’, ‘ग’ पुरे.

दुसऱ्यांसाठी वाट उघडी ठेवणं

ज्यांच्याकडे मोकळं कनेक्शन आहे त्यांनी ते अडकलेल्यांना थोडं वापरू द्यावं, हे सगळ्यात सरळ काम. सोपी सुरुवात टॉरच्या स्नोफ्लेकने होते. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकायचं आणि ब्राउझर चालू ठेवायचा. अडकलेल्या देशातला माणूस व्हिडिओ कॉलसारख्या दिसणाऱ्या जोडणीने तुमच्यापर्यंत येतो आणि तुमच्यामार्फत टॉरच्या जाळ्यापर्यंत जातो. तो ज्या साइट बघतो तिथे तुमचा आयपी पत्ता दिसत नाही, म्हणून घरून चालवायला हरकत नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमध्ये निदर्शनांच्या काळात इंटरनेट आवळलं गेलं, तेव्हा हजारो लोक याच वाटेने बाहेर पडले. मात्र तुमचा राउटर कडक प्रकारचा नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच पत्त्याआड ठेवण्याची पद्धत) वापरत असेल तर फार थोडे लोक तुमच्याशी जुळू शकतात, आणि एक्स्टेन्शन दिवसभर शून्य दाखवत राहतं. अशा वेळी सार्वजनिक पत्ता असलेल्या छोट्या सर्व्हरवर स्नोफ्लेकची स्वतंत्र आवृत्ती चालवणं कितीतरी उपयोगी. दर तासाला ती किती जोडण्या झाल्या ते लॉगमध्ये लिहिते.

पुढची पायरी म्हणजे पूल, इंग्रजी नावाने ब्रिज. सार्वजनिक यादीत न छापलेला टॉरचा दरवाजा. वेग सेकंदाला १ मेगाबिट असला तरी चालतो, पण पत्ता स्थिर हवा आणि सर्व्हर चोवीस तास चालू हवा. घरचा आयपी पत्ता दर दोन दिवसांनी बदलत असेल तर लोकांच्या हातातला पुलाचा पत्ता तितक्या वेळा निकामी होतो. ओबीएफएस४ या पद्धतीत वाहतूक अर्थहीन आकड्यांसारखी दिसते, आणि ज्याच्याकडे पुलाच्या ओळीतली गुप्त खूण नाही त्याला सर्व्हर उत्तरच देत नाही. त्यामुळे फायरवॉलने स्वतः दार ठोठावून पाहिलं तरी तिला काही कळत नाही. सेटिंगमध्ये तीन चुका हमखास होतात. पोर्ट ९००१ ठेवणं: ते टॉरचं म्हणून इतकं प्रसिद्ध आहे की सेन्सॉर तेच धुंडाळतात. ओबीएफएस४ चं पोर्ट न ठरवणं: मग ते आपोआप निवडलं जातं आणि फायरवॉलमध्ये उघडलेलं पोर्ट भलतंच राहतं. आणि टॉरचं व ओबीएफएस४ चं अशा दोनपैकी एकच पोर्ट बाहेरून उघडणं. टॉर प्रकल्पाच्या साइटवर पोर्ट बाहेरून दिसतं का हे तपासायची सोय आहे. ते तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका. साधारण तीन तासांनी पूल टॉरच्या रिले सर्च या शोधपानावर दिसतो, पण वापरणारे यायला कित्येकदा आठवडे लागतात. या काळात लोक ‘कुणीच वापरत नाही’ म्हणून सर्व्हर बंद करतात. करू नका. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवायला सुरुवात केली तेव्हा जे पूल आधीपासून उभे होते तेच पहिल्या दिवशी उपयोगी पडले. वापरणाऱ्यांचा आकडा नेहमी आठच्या पटीत दिसेल. ते मुद्दाम, कुणी ओळखू येऊ नये म्हणून.

साधा मधला रिले (टॉरच्या जाळ्यात वाहतूक पुढे सरकवणारा सर्व्हर) चालवायला सेकंदाला १० मेगाबिट, महिन्याला प्रत्येक बाजूला किमान १०० गिगाबाइट आणि ५१२ मेगाबाइट मेमरी लागते. तो घरून चालवू नये असं आम्ही सांगतो. सगळ्या रिलेंचे पत्ते जाहीर असतात, आणि काही साइट त्या यादीतल्या प्रत्येकाला सरसकट नाकारतात. घरातल्या बाकीच्यांना त्याचा त्रास. एक्झिट रिले (जिथून वाहतूक जाळ्याबाहेर खऱ्या साइटकडे जाते) तर वकिलाचा सल्ला, वेगळा सर्व्हर आणि तक्रारींना उत्तर देणारा माणूस असल्याशिवाय नकोच.

नियामकाला लिहिताना

नियम बनवणाऱ्यांनी हरकती मागवल्या की लोक ठरावीक मजकुराची हजारो पत्रं पाठवतात. संख्येला वजन आहे, हे खोटं नाही. भारतात २०१५ च्या वसंतात नेट न्यूट्रॅलिटीवर दहा लाखांहून अधिक ईमेल ट्राय या दूरसंचार नियामकाकडे गेले आणि विषय घराघरात पोचला. पण त्या वर्षाअखेरीस वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर फेसबुकच्या फ्री बेसिक्स या निवडक साइट फुकट देणाऱ्या योजनेच्या बाजूने साच्यातून काढलेले लाखो संदेश आले, तेव्हा विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरच नाही असं ट्रायने सांगितलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घालणारा नियम आला. अमेरिकेत २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द करण्याच्या प्रस्तावावर दोन कोटी वीस लाखांहून जास्त टिप्पण्या आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१ च्या अहवालानुसार त्यातल्या जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख बनावट होत्या. ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावरच्या मोहिमेतून आलेल्या, आणि ७७ लाख तर नियमाच्या बाजूने एकाच विद्यार्थ्याने यंत्राने भरलेल्या. बनावट पत्रांच्या ढिगाखाली खरी माणसं गाडली गेली.

म्हणून क्रमांक लावून, प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उत्तर द्या. मसुद्यातलं कुठलं वाक्य बदलावं आणि त्याजागी काय यावं ते शब्दशः लिहा. दोन-तीन पानं पुरेत. प्रत्येक दाव्याखाली मोजणीची लिंक, तारीख आणि एएस क्रमांक द्या. इतरांना साचा द्यायचाच असेल तर पूर्ण पत्र देऊ नका. प्रश्न सोप्या भाषेत मांडा आणि उत्तराची जागा रिकामी सोडा. वैयक्तिक ईमेल पत्ता वापरू नका. २०१५ मध्ये ट्रायने आलेले ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या साइटवर टाकले होते. ज्या देशात जाहीर हरकत घेणं धोक्याचं आहे तिथे एखाद्या संस्थेमार्फतच पाठवा.

बंदी किंवा शटडाउन आधीच झालं असेल तर पहिली मागणी एकच ठेवा: लेखी आदेश दाखवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक ठरवलं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या न्यायालयाने जून २०२० मध्ये टोगोचं सप्टेंबर २०१७ मधलं शटडाउन बेकायदा ठरवलं, आणि मुद्दा तोच होता: बंदीला आधार देणारा कायदा दाखवता आला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘इंटरनेट का बंद केलं’ असं विचारू नका, त्याला गोलमाल उत्तर मिळतं. अमुक तारखेला, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, या तीन कंपन्यांना दिलेल्या आदेशाचा क्रमांक आणि प्रत मागा. वेळ आणि कंपन्यांची नावं तुमच्या वहीत आधीच आहेत. उत्तर ‘असा आदेश उपलब्ध नाही’ असं आलं, तर ते जपून ठेवा आणि मोजणीच्या लिंकसोबत वकिलाकडे द्या.